ट्रम्प यांनी जिंकलेल्या मिशिगनमध्ये सेनेटची जागा स्लॉटकिन यांना कशी मिळाली?

तुमचा प्रश्न असा: २०२४ मध्ये मिशिगन राज्य ट्रम्प यांनी सुमारे ८० हजार मतांनी जिंकलं. मग त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, सेनेटची जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन यांच्याकडे कशी गेली? आणि २०२६ च्या सेनेट निवडणुकीसाठी त्यातून काय घ्यायचं?

आधी माझी बाजू सांगते. मी मिशिगनमधल्या ऑकलंड काउंटीत (डेट्रॉइटजवळच्या जिल्ह्यात) राहते आणि बरीच वर्षं डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या प्रचारात मतदार यादीचं काम करते. कुणाच्या दारावर जायचं, कुणाला फोन करायचा, कुणाला पोस्टाच्या मतपत्रिकेची आठवण करायची, हे यादीवरून ठरवणं हे माझं काम. माझा कल कुठे आहे हे उघड आहे. पण खाली जे आकडे देते आहे ते राज्याच्या अधिकृत निकालातले आहेत, आणि रिपब्लिकन बाजूला हेच काम करणारे लोकही त्यांच्याकडेच बघतात.

थेट उत्तर असं. स्लॉटकिन यांनी ट्रम्प यांचे मतदार आपल्याकडे ओढले म्हणून त्या जिंकल्या, असं निकालानंतर पुष्कळ ठिकाणी लिहून आलं. काही मतदार त्यांनी ओढले असतीलच. माझ्या मते मात्र निकाल ठरवला तो दुसऱ्याच लोकांनी: ट्रम्प यांच्या नावापुढे खूण करून जे पुढे रिपब्लिकन उमेदवार माइक रॉजर्स यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांनी.

आकडे पाहा. ट्रम्प यांना २८,१६,६३६ मतं मिळाली, कमला हॅरिस यांना २७,३६,५३३. सेनेटसाठी स्लॉटकिन यांना २७,१२,६८६ आणि रॉजर्स यांना २६,९३,६८०. म्हणजे स्लॉटकिन १९,००६ मतांनी जिंकल्या. आता एकाच पक्षाचे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. स्लॉटकिन यांना हॅरिस यांच्यापेक्षा जवळजवळ २४ हजार मतं कमी आहेत. राज्य हरलेल्या उमेदवारापेक्षाही कमी मतं घेऊन त्या जिंकल्या. रॉजर्स यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे १ लाख २३ हजार मतं कमी आहेत. ही एवढी मतं गेली कुठे? अध्यक्षपदाच्या तुलनेत सेनेटसाठी एकूण मतंच ८५ हजारांहून जास्त कमी पडली, म्हणजे तेवढ्या लोकांनी ती जागा कोरी सोडली. शिवाय लिबर्टेरियन, ग्रीन वगैरे छोट्या पक्षांना अध्यक्षपदापेक्षा सेनेटसाठी सुमारे ६० हजार मतं जास्त पडली. या दोन्हींची बेरीज केली की स्लॉटकिन आणि रॉजर्स या दोघांची मिळून जी घट आहे ती जवळजवळ पूर्ण जुळते.

इथे एक सावधगिरी हवी. हे सगळे निव्वळ फरक आहेत. मतदान गुप्त असतं, त्यामुळे कुठल्या माणसाने काय केलं हे या आकड्यांतून सिद्ध होत नाही. ट्रम्प यांच्या काही मतदारांनी स्लॉटकिन यांना मत दिलं असेल आणि हॅरिस यांच्या तेवढ्याच मतदारांनी सेनेटची जागा कोरी सोडली असेल, तरी बेरीज हीच येईल. पण दारोदार फिरताना जो मतदार आम्हाला भेटत होता, त्याच्याशी पहिलं चित्र जास्त जुळतं. ज्या तरुणाने आयुष्यात एक-दोनदाच मतदान केलंय आणि तेही फक्त ट्रम्प यांच्यासाठी, त्याला रॉजर्स कोण हे माहीतच नव्हतं. त्याचा राग नव्हता, विरोध नव्हता. ओळखच नव्हती.

मिशिगनच्या मतपत्रिकेची रचना माहीत असेल तर हे आणखी लक्षवेधी वाटतं. इथे सर्वात वर पक्षाचा रकाना असतो. तो एक लंबगोल काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. ही सोय काढून टाकण्याचा प्रयत्न झाला होता. २०१८ च्या सार्वमतात लोकांनी ती राज्यघटनेत घालून पक्की केली. म्हणजे पक्षाचा पक्का मतदार गळायला वावच नाही, तो एका खुणेत सगळं उरकतो. गळतो तो माणसाला मत देणारा, पक्षाशी देणंघेणं नसलेला. आणि २०२४ मध्ये असा मतदार ट्रम्प यांच्याकडे जास्त होता.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करते, कारण सेनेट म्हटलं की राज्यसभा डोळ्यांपुढे येते. राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात. सेनेटर मात्र १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून थेट लोकांच्या मतांनी निवडून येतात. प्रत्येक राज्याला दोन, मुदत सहा वर्षं, आणि अख्खं राज्य हाच मतदारसंघ. त्यामुळे डेट्रॉइटच्या गल्लीपासून उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलातल्या जंगलापर्यंत सगळ्यांकडे एकाच उमेदवाराला एकाच आवाजात बोलावं लागतं.

जागा कशी रिकामी झाली? २००१ पासून सेनेटर असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या डेबी स्टॅबेनाव यांनी जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा न लढण्याचं जाहीर केलं. मिशिगनमध्ये रिपब्लिकन पक्षाने सेनेटची निवडणूक शेवटची जिंकली ती १९९४ मध्ये, स्पेन्सर एब्रहम यांनी. २००० मध्ये स्टॅबेनाव यांनी त्यांनाच हरवलं. २०२० मध्ये रिपब्लिकन जॉन जेम्स हे डेमोक्रॅटिक सेनेटर गॅरी पीटर्स यांच्याकडून ९२ हजारांच्या आसपास मतांनी हरले. त्यामुळे खुली जागा आणि वर ट्रम्प मतपत्रिकेवर, अशी संधी त्या पक्षाला पुन्हा लवकर मिळणार नव्हती.

त्यांनी निवडलेला उमेदवार कागदावर उत्तम होता. रॉजर्स सैन्यात अधिकारी, मग एफबीआयचे एजंट, २००१ ते २०१५ काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) सदस्य, शेवटची चार वर्षं कनिष्ठ सभागृहाच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष. २००० मध्ये ते पहिल्यांदा काँग्रेसमध्ये गेले ते जेमतेम शंभरेक मतांनी, त्यामुळे अटीतटीची लढत त्यांना नवी नव्हती. पण काँग्रेस सोडल्यावर ते फ्लोरिडात राहायला गेले होते आणि उमेदवारीसाठी परत आले, हा मुद्दा विरोधकांना आयता मिळाला. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं दुसरं होतं. ट्रम्प यांचा काळ संपला, अशा अर्थाचं ते आधी बोललेले होते. पुढे त्यांनी जुळवून घेतलं, मार्च २०२४ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना पाठिंबाही दिला. डेट्रॉइटचे माजी पोलिसप्रमुख जेम्स क्रेग आणि माजी काँग्रेस सदस्य पीटर मायर हे स्पर्धेतून बाहेर पडले. सँडी पेन्स्लर यांनी तर जुलैमध्ये ग्रँड रॅपिड्सच्या ट्रम्प यांच्या सभेतच माघार घेतली. ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, जस्टिन अमॅश यांना रॉजर्स यांनी सहज मागे टाकलं. उमेदवारी मिळाली, पण ट्रम्प यांच्या चाहत्यांच्या मनात जागा मिळाली नाही. नेत्याने शब्द टाकला की प्रायमरीतला नेमाने मतदान करणारा माणूस ऐकतो. चार वर्षांतून एकदाच बाहेर पडणाऱ्यापर्यंत तो शब्द पोचतोच असं नाही.

स्लॉटकिन यांची गोष्ट उलटी. ९/११ नंतर सीआयएत विश्लेषक, इराकमध्ये तीन वेळा नेमणूक, बुश आणि ओबामा या दोघांच्याही काळात काम. २०१८ मध्ये त्यांनी ज्या आठव्या मतदारसंघातून पहिली निवडणूक जिंकली तो रॉजर्स यांचा जुना मतदारसंघ. २०१६ मध्ये ट्रम्प तिथे सात टक्क्यांच्या आसपास पुढे होते. २०२० मध्येही तिथे ट्रम्प किंचित पुढे राहिले आणि स्लॉटकिन पुन्हा निवडून आल्या. म्हणजे ट्रम्प यांना मत देणाऱ्याच्या ओसरीवर बसून बोलायची सवय त्यांना सेनेटच्या आधीच झाली होती. त्या कधी मोठ्या आवेशाने बोलत नाहीत. भाषणात त्यांचं लक्ष घरखर्च, औषधांच्या किमती आणि सुरक्षा यांवरच असतं. आमच्यातल्या काही उत्साही कार्यकर्त्यांना ते फिकं वाटायचं. मला ते त्यांचं बळ वाटतं, कारण समोरच्या पक्षाच्या मतदाराने चिडून सेनेटच्या रकान्यावर खूण करावी असं त्या काही करत नव्हत्या. तो रकाना कोरा राहिला तरी त्यांचा फायदाच होता.

मुद्द्यांमध्ये सर्वात जास्त घमासान झालं ते विजेवर चालणाऱ्या गाड्यांवरून. मिशिगनमध्ये गाडी हा घराघरातला पोटापाण्याचा विषय आहे. फोर्ड, जनरल मोटर्स, स्टेलांटिस आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने इथे आहेत. बायडन सरकार सक्तीने विजेच्या गाड्या आणतंय आणि त्यामुळे नोकऱ्या जाणार, हा रॉजर्स यांच्या जाहिरातींचा मुख्य सूर होता. त्याला बिग रॅपिड्सजवळच्या गोशन बॅटरी कारखान्याची जोड मिळाली. कंपनीची मूळ मालकी चिनी. गावात विरोध इतका तापला की नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रीन चार्टर टाउनशिपच्या लोकांनी मंडळाच्या पाच सदस्यांना मतदान करून परत बोलावलं. हे दुखणं खरं होतं, प्रचारासाठी बनवलेलं नव्हतं. स्लॉटकिन यांनी उत्तरादाखल काढलेली जाहिरात मला त्या निवडणुकीतली सर्वात चांगली वाटते. कच्च्या रस्त्यावर मी राहते, जवळपास चार्जिंगची सोय नाही, माझ्याकडे विजेची गाडी नाही, कुठली गाडी घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं, पण या गाड्या बनणारच असतील तर चीनमध्ये न बनता इथे बनाव्यात, असा तिचा आशय. पर्यावरणवादी मित्र नाराज झाले. पण या जाहिरातीनंतर दारावर होणारं बोलणं बदललं, हे मी कार्यकर्त्यांच्या नोंदींमधून पाहिलं.

गर्भपाताच्या प्रश्नावर डेमोक्रॅट्सना वाटलं होतं तेवढा जोर मिळाला नाही, आणि त्याचं कारण त्यांचंच २०२२ मधलं यश होतं. त्या वर्षीच्या सार्वमतातल्या तिसऱ्या प्रस्तावाने तो हक्क मिशिगनच्या राज्यघटनेत गेला होता, सुमारे ५७ टक्के मतांनी. रॉजर्स यांनी लोकांचा हा कौल मान्य करतो असं सांगितलं. त्यांची काँग्रेसमधली जुनी मतं आम्ही दाखवत राहिलो, पण हक्क आता राज्यात सुरक्षित आहे असं वाटणाऱ्याला ती निकड जाणवत नव्हती.

गाझाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. फेब्रुवारी २०२४ च्या अध्यक्षीय प्रायमरीत मिशिगनमधल्या एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी बायडन यांना मत न देता ‘अनकमिटेड’वर (म्हणजे कुणाही उमेदवाराला बांधील नाही) खूण केली. डिअरबॉर्न, हॅमट्रॅमॅक इथला अरब आणि मुस्लिम समाज त्यात पुढे होता. या लोकांचे नातेवाईक तिकडे मरत होते. त्यांच्या दारावर जाऊन औषधांच्या किमतींबद्दल बोलणं शक्य नव्हतं, आणि ज्यांनी तसा प्रयत्न केला त्यांनी नुकसानच केलं. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्न शहरात ट्रम्प पहिले आले, हॅरिस दुसऱ्या, आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. सेनेटसाठी छोट्या पक्षांची जी मतं वाढली, त्यांत या नाराजीचा वाटा असणार असं मला वाटतं. ही जखम पक्षाने अजून भरून काढलेली नाही, आणि २०२६ च्या प्रायमरीत ती पुन्हा उघडी पडते आहे.

पैशाबद्दल एक तांत्रिक गोष्ट, जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. स्लॉटकिन यांनी ५ कोटी डॉलरच्या आसपास निधी जमवला, रॉजर्स यांच्या कितीतरी पट. रॉजर्स यांची कसर बाहेरच्या गटांनी भरून काढायचा प्रयत्न केला. पण संघराज्याच्या कायद्याप्रमाणे सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत टीव्ही वाहिन्यांना उमेदवाराला सर्वात कमी दर लावावा लागतो. बाहेरच्या गटांना तो लाभ नाही, ते बाजारभावाने पैसे मोजतात. त्यामुळे उमेदवाराच्या खात्यातला एक डॉलर आणि गटाच्या खात्यातला एक डॉलर पडद्यावर सारखा दिसत नाही. दोन्हीकडच्या खर्चाची नुसती बेरीज करून लढत तुल्यबळ होती असं म्हणणाऱ्या बातम्या इथेच फसतात.

निकाल बुधवारी, ६ नोव्हेंबरच्या दुपारी स्पष्ट झाला. आपोआप फेरमोजणीसाठी राज्यभराच्या निवडणुकीत फरक २,००० मतांपेक्षा जास्त नसावा लागतो. १९ हजार त्याच्या खूपच वर होते.

आता इतर राज्यांकडे बघा, म्हणजे मिशिगन किती अपवाद होतं ते कळेल. विस्कॉन्सिन, नेवाडा, ॲरिझोना या तिन्ही राज्यांत ट्रम्प जिंकले आणि सेनेटची जागा डेमोक्रॅट्सनी जिंकली. पेनसिल्व्हेनियात मात्र डेमोक्रॅटिक सेनेटर बॉब केसी हे रिपब्लिकन डेव्ह मकॉर्मिक यांच्याकडून सुमारे १५ हजार मतांनी हरले. मकॉर्मिक हे रॉजर्स यांच्यापेक्षा चांगले लढले असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मकॉर्मिक यांना ट्रम्प यांच्यापेक्षा १ लाख ४४ हजारांच्या आसपास मतं कमी पडली, म्हणजे रॉजर्स यांच्याहूनही मोठी घट. फरक एवढाच की तिथे ट्रम्प १ लाख २० हजारांनी पुढे होते, इथे ८० हजारांनी. आणि केसी हे हॅरिस यांच्या तुलनेत स्लॉटकिन यांच्यापेक्षा जास्त घसरले. ट्रम्प यांचं मिशिगनमधलं मताधिक्य पेनसिल्व्हेनियाएवढं असतं, तर स्लॉटकिन आज सेनेटमध्ये नसत्या असं मी खात्रीने म्हणेन. विजय खरा होता, त्यात फार मेहनत होती, पण तो पक्षाच्या नव्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून दाखवला जातो तेव्हा मला काळजी वाटते.

म्हणूनच २०२६. गॅरी पीटर्स यांनी जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा लढणार नसल्याचं सांगितलं, म्हणजे दोन वर्षांत दुसऱ्यांदा खुली जागा. रॉजर्स एप्रिल २०२५ मध्ये परत मैदानात उतरले आणि त्यांना पुन्हा ट्रम्प यांचा पाठिंबा मिळाला. डेमोक्रॅटिक बाजूने त्याच महिन्यात तिघांनी उमेदवारी जाहीर केली. हेली स्टीव्हन्स, ऑकलंडच्या काँग्रेस सदस्य, ओबामा काळात वाहन उद्योग वाचवण्यासाठी नेमलेल्या पथकात काम केलेल्या. ट्रॉय आणि फार्मिंग्टन हिल्समधल्या भारतीय वस्तीला परिचित. मॅलरी मॅकमॉरो, राज्य सेनेटमधल्या, २०२२ च्या एका भाषणामुळे देशभर माहीत झालेल्या. आणि डॉ. अब्दुल अल-सईद, डेट्रॉइटच्या आरोग्य विभागाचे माजी संचालक, डाव्या विचारांचे सेनेटर बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा असलेले.

अल-सईद यांचं नाव मराठी माणसाला आठवायला हवं. २०१८ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ते आणि आपले बेळगावचे श्री ठाणेदार एकाच वेळी उभे होते. ग्रेचन व्हिट्मर यांना ५२ टक्के, अल-सईद यांना ३० आणि ठाणेदार यांना जवळजवळ १८ टक्के मतं मिळाली. ठाणेदार नसते तर अल-सईद जिंकले असते, असं अजूनही घरगुती गप्पांत ऐकू येतं. बेरीज करून पाहा: दोघांची मिळून ४८ होतात, ५२ नाही. पण प्रायमरीत बहुमत लागत नाही, सर्वाधिक मतं पुरतात, हा धडा ठाणेदारांनीच २०२२ मध्ये दाखवला. तेराव्या मतदारसंघात नऊ उमेदवारांमध्ये सुमारे २८ टक्के मतांवर त्यांनी उमेदवारी घेतली आणि काँग्रेसमध्ये गेले. तिरंगी लढतीत ३५-३६ टक्क्यांवर सेनेटची उमेदवारी ठरू शकते, आणि मग उरलेल्या दोन-तृतीयांशांची मनं तीन महिन्यांत वळवावी लागतात. गाझावरून पक्ष दुभंगलेला असताना ते काम सोपं नाही.

रॉजर्स यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. २०२४ मध्ये ट्रम्प मतपत्रिकेवर असताना जे त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत, ते ट्रम्प मतपत्रिकेवर नसताना मतदान केंद्रापर्यंत तरी येतील का? मध्यावधीत, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या मधल्या वर्षी, एकूण मतदान घटतं आणि आधी गळतो तो हाच मतदार. दुसऱ्या बाजूने, जो येईल तो पक्षाचा रकाना भरणारा असेल, त्यामुळे कोऱ्या जागांचा जो लाभ स्लॉटकिन यांना झाला तो पुढच्या डेमोक्रॅटला मिळणार नाही. सर्वेक्षणं बघताना दोघांमधला फरक नंतर पाहा. आधी ‘ठरवलेलं नाही’ म्हणणारे कोण आहेत ते पाहा. तिथेच निकाल आहे.

तुमच्यापैकी जे मिशिगनमध्ये नागरिक आहेत त्यांच्यासाठी शेवटचं. प्रायमरी ४ ऑगस्ट २०२६ ला आहे. इथे मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही, दोन्ही पक्षांचे रकाने एकाच मतपत्रिकेवर येतात, पण मत एकाच पक्षाच्या रकान्यात द्यायचं असतं. एका पदाला इकडे आणि दुसऱ्याला तिकडे अशी खूण केली तर पक्षीय भागातली सगळी मतं बाद होतात. केंद्रावर यंत्र अशी मतपत्रिका परत करतं आणि नवी मागता येते. पोस्टाने पाठवलेल्या मतपत्रिकेला ती संधी नाही, म्हणून पाकीट बंद करण्याआधी दोन्ही रकाने पुन्हा एकदा तपासा. नोंदणी राहून गेली असेल तर मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत आपल्या शहराच्या क्लार्कच्या (निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन गेलात तरी चालतं.